तीन तबकड्यांचा चित्रपट

२००० च्या सुमारास दिल्लीच्या पालिका बाजारात चित्रपटांच्या व्हिडिओ सीडी मिळत. १९९३ च्या मानकानुसार एका तबकडीवर ७४ मिनिटांचे चित्र मावे. चित्राला सेकंदास ११५० किलोबिट, एवढाच शिधा. या हिशेबाने १९७ मिनिटांच्या 'मुघल-ए-आझम'ला (१९६०) तीन तबकड्या हव्यात. शिधा घटवून दोहोंत भागवले, तर संथ संवाद निभावतात. रणांगणावर मात्र क्षणोक्षणी सारे बदलते, आणि घोडेस्वारांचे चौकोनी तुकडे होतात. काय गाळावे हे यंत्र ठरवी. किती गाळावे हे माणूस. ही निवड क्षुल्लक नव्हे. १९३१ च्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूळ हरपले, की उरलेली नक्कलच इतिहासाची साक्ष ठरते.