तेर : समुद्रापासून दूर, तरी बंदराशी जोडलेले

भडोच बंदरातून रोमन साम्राज्याकडे जाणाऱ्या कापडाची एक वाट धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सुरू होत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ या नगरास ‘तगर’ म्हणतो. पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या अंतरावरील या पेठेतला माल गाड्यांतून, बिकट वाटांनी भडोचला पोहोचे.

तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईतील मूर्तीशी विलक्षण साम्य दाखवते. पाँपेईची मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे; तेरची मात्र गावातच, रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात. गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू लामतुरे यांनी जपल्या नसत्या, तर तगरची ही साक्ष केव्हाच विखुरली असती.