१५ वर्षांची झाली की गाडी भंगारात? जुन्या गाड्यांच्या तपासणीचे नियम काय सांगतात

मीरा-भाईंदरमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी दिसली की एक प्रश्न हमखास येतो. ही गाडी रस्त्यावर चालवता येते का? उत्तर आहे, हो. मात्र कागदपत्रे आणि तपासणी वेळेवर हवी.

दरवर्षी तपासणी लागते का?
खासगी गाडीला नाही. तिची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करता येतो. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर तपासतात आणि चेसिस व इंजिन क्रमांक जुळतो का हे पाहतात. डिझेल १० वर्षे आणि पेट्रोल १५ वर्षे ही दिल्ली-एनसीआरमधली वयोमर्यादा महाराष्ट्रात लागू नाही.

खर्च किती?
कारच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या कारसाठी ते १०,००० रुपये आहे. शिवाय पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर कारला दरमहा ५०० रुपये जादा.

विंटेज कोणाला म्हणायचे?
जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकींना. म्हणजे १९८० मध्ये नोंदणी झालेली पद्मिनी २०३० पर्यंत 'विंटेज' ठरत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंतर ५,००० रुपये. नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो.

पण अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, देखभाल आणि तांत्रिक संशोधन यांसाठीच तिला रस्त्यावर परवानगी आहे.

परदेशात काय?
ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या कारला वार्षिक तपासणीतून सूट आहे. जर्मनीत ३० वर्षांच्या गाडीला 'एच' पाटी मिळते, तरी दर २ वर्षांनी तपासणी होतेच.

मालकाने काय पाहावे?
दोन तपासण्यांमध्ये ५ वर्षांचे अंतर असते. तेवढ्या काळात ब्रेकचे रबर कडक होते, पत्रा गंजतो. तेव्हा वर्षातून एकदा मेकॅनिककडून तपासणी करून घेणे शहाणपणाचे. पीयूसी आणि थर्ड पार्टी विमा चालू ठेवा. जुन्या गाड्यांची पीयूसी ६ महिन्यांचीच असते. नोंदणी संपलेली असताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

अर्ज कुठे?
मीरा-भाईंदरच्या जुन्या गाड्यांवर ठाण्याचा एमएच-०४ क्रमांक असतो. २०२५ मध्ये शहरासाठी एमएच-५८ या क्रमांकाचे स्वतंत्र आरटीओ मंजूर झाले. अर्ज कोणत्या कार्यालयात जाईल, हे परिवहन पोर्टलवर आधी पाहून घ्या. आणि आजच आरसीवरची मुदतीची तारीख तपासा.