ढाक्याचे पत्र आणि बोसॉन

मुंब्र्यात नववीच्या वर्गावर असताना एका मुलाने विचारले, "सर, उर्दू-मराठी ठीक है, लेकिन साइंस तो इंग्लिश में ही रहता है ना?" उत्तर म्हणून मी त्याला एका पत्राची गोष्ट सांगितली.

४ जून १९२४. ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या ३० वर्षांच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला इंग्रजी निबंध आइन्स्टाइन यांना पाठवला. भाषांतर करण्याइतके जर्मन मला येत नाही, निबंध योग्य वाटल्यास जर्मनीत छापण्याची व्यवस्था करावी, अशी विनंती केली. आइन्स्टाइन यांनी स्वतः भाषांतर करून तो छापून आणला.

त्यात होते काय? मोजण्याची एक नवी रीत. मी फळ्यावर दोन बाक काढले. अस्लम आणि गणेश यांना बसवण्याच्या तऱ्हा किती? दोघे पहिल्यावर, दोघे दुसऱ्यावर, किंवा एकेका बाकावर एकेक, आणि मग त्यांची अदलाबदल. एकूण चार. पण प्रकाशाचे कण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत. अदलाबदल केली तरी नवे काहीच घडत नाही. म्हणून तऱ्हा तीनच! या हिशेबातून प्लांक यांचा प्रकाशाचा नियम सरळ निघाला. एकाच अवस्थेत कितीही संख्येने राहू शकणारे हे कण म्हणजे बोसॉन. लेसरचा झोत त्यांच्याच एकजुटीचा.

इलेक्ट्रॉनही एकसारखेच, पण स्वभाव उलटा. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहत नाहीत, हे पाउली यांनी १९२५ मध्ये सांगितले. डोंबिवली लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा सरकून बसतो. इलेक्ट्रॉन चौथी सीट देत नाहीत. प्रत्येक बाकावर एकच, म्हणून तऱ्हाही एकच. अशा कणांची मोजणी १९२६ मध्ये फर्मी आणि डिरॅक यांनी मांडली, ते फर्मिऑन. त्यांच्या या हट्टामुळेच अणूत इलेक्ट्रॉनांचे थर लागतात आणि पायाखालची जमीन टणक राहते.

'बोसॉन' हे नाव डिरॅक यांनी दिले. नोबेल मात्र बोस यांना मिळाले नाही. १९४८ मध्ये त्यांनी बंगालीतून विज्ञान पोहोचवण्यासाठी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. आपल्याकडेही हे नवे नव्हते. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यातली मुले हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूतूनच शिकत होती.

तो मुलगा काही बोलला नाही. त्याने वहीत दोन बाक काढले आणि खाली उजवीकडून डावीकडे लिहिले: बोसॉन तीन, फर्मिऑन एक.