शरणपूर रोडवरचे आफ्रिकन

दवाखाना, कोर्ट, पोराचं ॲडमिशन, काही ना काही निमित्ताने मुक्ताईनगरहून नाशिकला गेलेला माणूस शरणपूर रोडवरून गेलेला असतोच. मीही कित्येकदा गेलो. पण हे 'शरण' कोणाला, हे शोधायचं मला फार उशिरा सुचलं. पत्रकार म्हणवतो, त्यात ही गत.

1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम प्राइस यांनी नाशिकबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथेच होता आफ्रिकन मुलांचा आश्रम. अरबी समुद्रात गुलाम नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं आणि त्यातली माणसं मुंबईला उतरवायचं. सोडवलं, पण पुढे काय? त्यातली काही मुलं नाशिकला धाडली गेली. लिहिणं-वाचणं, बायबल, सुतारकाम, लोहारकाम. शिवाय नवी नावं: जेकब वेनराइट, एडवर्ड गार्डनर, सायमन प्राइस. हो, आडनाव थेट पाद्रीसाहेबांचंच.

1865 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईत आला आणि या शाळेतली नऊ पोरं आफ्रिकेच्या मोहिमेवर घेऊन गेला. जेकब मागाहून, 1872 मध्ये त्याला जाऊन मिळाला. 1873 च्या मे महिन्यात आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. प्रार्थना वाचली जेकबने, झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. मग वाळवलेला देह घेऊन ही माणसं महिनोन् महिने चालत समुद्राकाठी पोचली. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकच्या शाळेत शिकलेला हा जेकब होता. आपल्या एका तरी धड्यात आहे का हे?

इकडे आश्रमाचा निकाल लागला होता. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या आग्रहाने मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची वसाहत ठरली, 'फ्रिअर टाउन'. ती उभारायला गेले तेच प्राइस, आणि नाशिकचे आफ्रिकनही तिकडे हलवले गेले. वरून बघितलं तर ही घरवापसी. पण कळत्या वयापासून नाशकात वाढलेल्या पोराचं घर कोणतं? तिथल्या कामात या 'बॉम्बे आफ्रिकन' मंडळींनी शिक्षक, कारागीर, पुढे पाद्री म्हणूनही नाव काढलं. तिथली घंटा अजून उभी आहे, त्या चौकाचं नावच 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशी.

त्याच सुमाराला अमेरिकेतही हाच पेच होता. 1865 ला तिथे मुक्त झालेल्यांसाठी सरकारी खातं निघालं, 'फ्रीडमेन्स ब्यूरो'. त्याने शिधा वाटला, दवाखाने चालवले, शाळा उभारायला हात दिला. जमीनही मिळणार असा बोलबाला होता, काहींना कसायला मिळालीही. पण राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देववली. 1872 ला खातंच बंद. हातात पाटी आली, पायाखाली मात्र मालकाचंच शेत.

महात्मा फुल्यांनी 1873 ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे आपण भाषणात सांगतो. 1882 ला हंटर आयोगापुढे त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं, आणि रयतेच्या करातून वरच्यांचीच कॉलेजं पोसली जातात असं सुनावलं, हे मात्र सहसा सांगत नाही. माझ्या मते खरा फरक इथे आहे. शरणपुरात काय शिकायचं, कुठे राहायचं, काय नाव लावायचं, सगळं देणाऱ्याने ठरवलं. फुले घेणाऱ्यांच्या बाजूने हक्काचा हिशेब मागत होते.

आता आपल्याकडचं. वेठबिगारी कायद्याने 1976 लाच संपली. सोडवलेल्या मजुराला मुक्ती प्रमाणपत्र मिळतं, तातडीची मदत 30 हजारांपर्यंत. पुनर्वसनाची पूर्ण रक्कम पुरुषाला 1 लाख, बायका-मुलांना 2 लाख, फारच वाईट प्रकरणात 3 लाख. पण ती मिळायची आरोपीला शिक्षा झाल्यावर. आपल्या सातपुड्यातली कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, पोरांची नावं शाळेच्या हजेरीत आणि पोरं फडात. खटल्याची तारीख पडत राहते. दसऱ्याच्या आसपास मुकादम उचल घेऊन दारात येतो, तो काही निकालाची वाट बघत नाही.