एव्हबरी

एव्हबरी हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील विल्टशर परगण्यातले एक खेडे असून ते मार्लबरो या बाजारगावाच्या पश्चिमेस सुमारे १० किमी. अंतरावर, केनेट नदीच्या उगमप्रदेशात वसले आहे. ब्रिटनमधील सर्वांत मोठे नवाश्मयुगीन शिलावर्तुळ या गावाच्या शिवारात नसून खुद्द वस्तीभोवती आहे. गावातली काही घरे, ‘रेड लायन’ हे गवताने शाकारलेले जुने मद्यगृह आणि त्याच्या दारावरून जाणारा वाहता रस्ता वर्तुळाच्या आतच येतो, आणि उभ्या पाषाणांच्या पायथ्याशी मेंढ्या चरत असतात. १९८६ मध्ये स्टोनहेंजच्या जोडीने एव्हबरी व त्याच्या परिसरातील स्मारकांचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. पाषाणांपर्यंत सहसा चालत जाता येते आणि त्यांना हातही लावता येतो. या मोकळेपणामुळे अनेक अभ्यासकांना व प्रवाशांना स्टोनहेंजपेक्षा एव्हबरी अधिक जवळचे वाटत आले आहे.

या स्मारकाचा मुख्य भाग ‘हेंज’ या प्रकारात मोडतो. वर्तुळाकार खंदक खणून त्यातून निघालेल्या मातीचा बाहेरच्या कडेने बांध घालायचा, अशी हेंजची रचना असते. खंदक बांधाच्या आत असल्यामुळे तो संरक्षणासाठी नसून विधींची जागा वेगळी राखण्यासाठी असावा, असे मानले जाते. एव्हबरीचा बांध सुमारे ११.५ हेक्टर जमिनीला वेढतो. खंदक आज मातीने बराच भरून आलेला असला, तरी मूळचा तो ९ ते १० मी. खोल होता आणि हरणांच्या शिंगांपासून केलेल्या कुदळींनी खालच्या पांढऱ्या खडूच्या खडकात खोदलेला होता. धातू ठाऊक नसलेल्या माणसांचे हे काम आहे, हे खंदकाच्या काठावरून खाली पाहताना ध्यानात घेतल्याशिवाय त्याची थोरवी कळत नाही. खंदकाच्या आतल्या कडेने सुमारे १०० पाषाणांचे बाह्य वर्तुळ असून त्याचा व्यास ३३० मी.च्या आसपास आहे आणि त्याच्या पोटात आणखी दोन लहान वर्तुळे आहेत. उत्तरेकडील लहान वर्तुळाच्या मध्यभागी ‘कोव्ह’ नावाची तीन पाषाणांची रचना होती. तीतले दोन पाषाण शिल्लक आहेत आणि त्यांपैकी एकाचे वजन जमिनीखालचा भाग धरून १०० टनांहून अधिक असावे, असा अंदाज आहे. हे सर्व बांधकाम एका दमात झालेले नसून इ. स. पू. २८५० ते २२०० या दीर्घ काळात टप्प्याटप्प्याने होत गेले.

पाषाण ‘सार्सेन’ जातीचे, म्हणजे सिलिकाने घट्ट सांधला गेलेला अतिशय कठीण वालुकाश्म आहेत. ते खाणीतून काढलेले नाहीत. लगतच्या मार्लबरो डाउन्स या टेकड्यांवर उघड्या पडलेल्या शिळांतून निवडून त्यांना ओढत आणले गेले. स्टोनहेंजच्या पाषाणांप्रमाणे त्यांना तासून आकार दिलेला नाही. निसर्गतः असलेला आकार पाहूनच ते उभे केलेले दिसतात. हेंजच्या दक्षिण दारातून निघून सुमारे २.५ किमी.वरच्या ओव्हर्टन टेकडीपर्यंत जाणाऱ्या वेस्ट केनेट अव्हेन्यू या जोडपाषाणांच्या वाटेवर उंच, निमुळते पाषाण व रुंद, चौकटच्या आकाराचे पाषाण समोरासमोर मांडलेले आढळतात. त्यांत पुरुष व स्त्री यांची प्रतीके पाहण्याची प्रथा आहे. परंतु तो तर्कच होय.

एव्हबरीचा इतिहास पाषाण उभारणाऱ्यांइतकाच ते पाडणाऱ्यांचाही आहे. चौदाव्या शतकात येथील अनेक पाषाण शेजारी खड्डे खणून त्यांत लोटून पुरण्यात आले. ख्रिस्ती गावाला जुन्या दैवतांच्या या खुणा नकोशा झाल्या, की शेतीला जमीन हवी होती, याविषयी मतभेद आहेत. १९३८ मध्ये असा एक पुरलेला पाषाण उचलला असता त्याच्याखाली एका पुरुषाचा सांगाडा आणि त्याच्यासोबत एक कात्री, एक लोखंडी सळईवजा हत्यार व चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील चांदीची नाणी मिळाली. हत्यारांवरून तो न्हावी व शल्यवैद्य असे दोन्ही व्यवसाय करणारा फिरता कारागीर ठरवला गेला आणि पाषाण पाडताना तो अंगावर येऊन त्याचा बळी गेला, ही कथा सर्वतोमुखी झाली. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यात हा सांगाडा नष्ट झाल्याचा समज होता. मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो लंडनमध्ये सापडला आणि नव्या तपासणीत हाडे चिरडल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. त्यामुळे आधीच मेलेल्या माणसाला त्या खड्ड्यात पुरले असावे, ही शक्यता आता अधिक ग्राह्य धरली जाते.

खरा विध्वंस सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्या शतकात झाला आणि त्यामागे इमारतीसाठी दगड मिळवण्याचा व्यवहार होता. पाषाण खड्ड्यात आडवा करून त्याखाली गवताचा जाळ करायचा, तो तापून लाल झाला की फोडायच्या रेषेवर गार पाणी ओतायचे आणि तडा जाताच घणाचे घाव घालायचे, ही त्यासाठीची रीत होती. अशा तुकड्यांनी उभारलेल्या भिंती गावात आजही दिसतात. योगायोग असा की, याच काळात एव्हबरीला पहिले अभ्यासक लाभले. जॉन ऑब्री १६४९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने येथे आले असता त्यांनी या रचनेचे महत्त्व ओळखले आणि १६६३ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याला ती दाखवली. १७१९ ते १७२४ या काळात विल्यम स्टुकली वारंवार येथे येऊन मोजमापे व रेखाटने करत राहिले. ही सारी रचना म्हणजे ड्रुइड या प्राचीन केल्टिक पुरोहितांचे सर्पाकृती मंदिर होय, हा त्यांचा सिद्धांत टिकला नाही. मात्र डोळ्यांदेखत फुटत असलेल्या पाषाणांची त्यांनी केलेली नोंद अमोल ठरली. पश्चिमेकडे बेकहॅम्प्टनच्या दिशेने दुसरी एक पाषाणवाट होती, या त्यांच्या म्हणण्यावर पुढे फारसा कोणी विश्वास ठेवला नाही, परंतु १९९९ मध्ये सुरू झालेल्या उत्खननात तिचे खड्डे मिळाले आणि स्टुकली यांचे निरीक्षण खरे ठरले.

बॅंकर व शास्त्रज्ञ सर जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील काही जमीन विकत घेऊन तीवर होऊ घातलेली घरबांधणी थांबवली. प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा ब्रिटनमधील पहिला कायदा १८८२ मध्ये त्यांच्याच प्रयत्नांनी झाला, आणि १९०० मध्ये उमरावपद मिळाले तेव्हा त्यांनी एव्हबरीचेच नाव धारण केले. आजचे दृश्य रूप मात्र अलेक्झांडर कीलर यांनी घडवले. डंडी येथील मार्मलेडच्या व्यवसायातून आलेली कौटुंबिक संपत्ती त्यांनी पुरातत्त्वासाठी वेचली, १९३७ ते १९३९ दरम्यान वर्तुळाचा मोठा भाग खणून पुरलेले पाषाण पुन्हा उभे केले आणि नाहीशा झालेल्या पाषाणांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे रोवले. त्यासाठी वर्तुळातील घरे व गोठे पाडले गेले आणि काही कुटुंबांना पश्चिमेकडील एव्हबरी ट्रस्लो या वस्तीत जावे लागले. पाषाणांसाठी हे करणे आवश्यक होते असे मानले, तरी मध्ययुगापासून वाढत आलेल्या एका गावाची वीण त्यात उसवली गेली, हेही नोंदवले पाहिजे. १९४३ मध्ये कीलर यांनी ही मालमत्ता नॅशनल ट्रस्ट या वारसारक्षक संस्थेला विकली. त्यांच्या नावाचे संग्रहालय गावातच असून गवताने शाकारलेले सतराव्या शतकातील भव्य कोठार त्याचाच एक भाग आहे.

गावातील इतर वास्तूंमध्ये सोळाव्या शतकातील एव्हबरी मॅनर ही गढीवजा हवेली, तिच्या बागा आणि सेंट जेम्सचे चर्च या प्रेक्षणीय आहेत. चर्चच्या भिंतींत सॅक्सन काळातील बांधकाम टिकून आहे.

गावाच्या दक्षिणेस सुमारे दीड किमी.वर सिल्बरी टेकडी दिसते. ती नैसर्गिक नसून इ. स. पू. २४०० च्या सुमारास मानवाने रचलेला, सुमारे ३९ मी. उंचीचा खडू-मातीचा ढीग आहे. प्रागैतिहासिक काळातील असा इतका मोठा ढीग युरोपात दुसरा नाही. आत राजाचे दफन व खजिना असेल या आशेने १७७६ मध्ये माथ्यावरून उभी विहीर खणण्यात आली, १८४९ मध्ये बाजूने बोगदा काढण्यात आला आणि १९६८ ते १९७० मध्ये पुन्हा एकदा बोगदा खणला गेला. परंतु दफन मिळाले नाही. जुने खोदकाम नीट न बुजवल्यामुळे २००० साली माथ्यावर मोठे विवर पडले आणि २००७-०८ मध्ये आतील पोकळ्या खडूने भरून टेकडी स्थिर करावी लागली. तिच्यावर चढण्यास मनाई आहे. पायथ्याजवळच्या रस्त्यावरून मात्र ती चांगली पाहता येते.

सिल्बरीसमोरच्या उंचवट्यावर वेस्ट केनेट लाँग बॅरो आहे. लाँग बॅरो म्हणजे एका टोकाला दगडी खोल्या असलेला, सामूहिक दफनासाठी रचलेला मातीचा लांबट उंचवटा. सुमारे १०० मी. लांबीची ही रचना इ. स. पू. ३६५० च्या सुमारास, म्हणजे शिलावर्तुळापूर्वी कित्येक शतके झाली. तिच्या पाच खोल्यांत सुमारे ३६ व्यक्तींचे अवशेष मिळाले. पुढे शेकडो वर्षांनी तोंडाशी प्रचंड शिळा उभ्या करून ती बंद करण्यात आली. त्या शिळांना वळसा घालून आजही आत जाता येते.

पायी फिरणाऱ्यांसाठी ओव्हर्टन टेकडीवरून रिजवे ही १३९ किमी. लांबीची राष्ट्रीय पायवाट सुरू होते. तिच्यावरून उत्तरेकडे थोडे चालून पूर्वेस वळल्यास फायफील्ड डाउन हा राखीव माळ लागतो. शिलावर्तुळासाठी न उचललेले असंख्य सार्सेन तेथे अजूनही गवतात मूळच्या जागी पडलेले आहेत आणि त्या परिसरातल्या एका शिळेवर नवाश्मयुगीन लोकांनी दगडी कुऱ्हाडी घासून पाडलेल्या खोल, गुळगुळीत पन्हळी बोटांनी चाचपता येतात.