दंड कोणाचा, खंडणी कोणाची

जातपंचायतीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं : ‘पंचांनी कुटुंबाला अमुक रुपये दंड ठोठावला.’ यातल्या ‘दंड’ या शब्दाला माझी हरकत आहे. ती का, हे सांगायला बरंच मागे जावं लागेल.

दंड म्हणजे मुळात काठी. राजाच्या हातातली ती राजदंड आणि तिच्या धाकावर चालणारा कारभार ती दंडनीती. मनुस्मृतीत शिक्षेच्या चार पायऱ्या आहेत : वाग्दंड, धिग्दंड, धनदंड, वधदंड. आधी समज, मग धिक्कार, मग पैसा आणि शेवटी शरीर. पण ही शिडी सर्वांसाठी सारखी नव्हती. क्षत्रियाने ब्राह्मणाला शिवी दिली तर 100 पण दंड. शूद्राने दिली तर पैसे भरून सुटका नाही, थेट देहदंड. उलट ब्राह्मणाने शूद्राला शिवी दिली तर अवघे 12 पण. हा विषम हिशेब मांडणाऱ्या त्याच ग्रंथात दुसरंही काही सापडतं. सामान्य माणसाला जिथे एक कार्षापण दंड, तिथे राजाला एक हजार. आणि महापातक्याकडून घेतलेलं धन राजाने स्वतः ठेवू नये, ते पाण्यात सोडून वरुणाला अर्पण करावं. दंड घेणाऱ्याला दंडाची चटक लागते, हे त्या काळीही लोकांना कळलं होतं.

मराठेशाहीच्या कागदांत भेटते ती ‘गुन्हेगारी’. आज हा शब्द सगळ्या गुन्हेजगताला लागतो, तेव्हा तो सरकारात भरायच्या रकमेचा होता. वाद हरणाऱ्याने गुन्हेगारी द्यायची आणि जिंकणाऱ्याने ‘हरकी’, म्हणजे न्याय मिळाल्याच्या आनंदाचे पैसे! दोन्ही बाजूंनी सरकारची तिजोरी भरे. राजदंडाच्या जोडीला गोतदंडही होता. गोतसभेत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी बसत, निवाड्याच्या महजरावर त्यांची निशाणी, शिक्के उमटत आणि तो निवाडा सरकार मानत असे. तेव्हा गोताच्या हातातली काठी राज्याने मान्य केलेली होती. माझ्या दृष्टीने सगळ्या मागोव्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

इंग्रजांनी राज्य घेतलं, पण या काठीला हात लावायचं टाळलं. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या दुसऱ्या रेग्युलेशनने जातीच्या प्रश्नांत दिवाणी कोर्टांनी पडू नये असं ठरवलं. पुढे 1860 च्या दंडसंहितेत दंड ही कायद्याने द्यायची शिक्षा झाली. जिथे रकमेचा आकडा दिलेला नाही तिथे मर्यादा नाही, मात्र दंड अवाजवी नसावा, अशी अट आली. तरी जातीची पंचायत बाजूला आपला दंड वसूल करतच राहिली. वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्याने 1949 मध्ये कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द केला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा आजचा कायदा 2016 चा. तो 2017 मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सरकारी मराठीत याच घरातला आणखी एक शब्द आहे, ‘शास्ती’. थकलेल्या मालमत्ता कराच्या बिलावर तो दिसतो. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवरच्या शास्तीकराने तर तो घरोघरी पोचवला. तिथेही नियम आहे, पावती आहे, आणि अन्याय वाटला तर दाद मागायला जागा आहे. ज्याचा काही दोष नाही त्याच्यावर पडतो तो भुर्दंड; हा नेमका शब्द मराठीने जपला, याचा मला आनंद आहे.

आता पंचांकडे येऊ. आंतरजातीय लग्न केलं म्हणून, पोलिसांत गेलं म्हणून पैसे मागायचे आणि ‘दिले नाहीत तर वाळीत टाकू’ असा धाक घालायचा. यामागे कायदा नाही, पावती नाही, अपील नाही. धाक घालून पैसे उकळण्याला आज मराठीत खंडणी म्हणतात. बातमी लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे : जातपंचायतीने दंड ठोठावला असं लिहू नका. पंचांनी खंडणी मागितली असं लिहा.