कॅमेरा घेण्यापूर्वी : सावेदादांपासून जवाहर चौकापर्यंत

भोपाळ येथील तात्या टोपे नगरात जवाहर चौक म्हणून जो भाग आहे, तेथे रस्त्याने जाताना मराठी बोल कानी पडला तर जुन्या रहिवाशास त्याचे नवल वाटत नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपद गेले आणि नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ येथे आली. तिच्या पाठोपाठ सरकारी कचेऱ्यांतील अनेक मराठी कुटुंबेही नागपूर सोडून इकडे आली. या कुटुंबांनी आपल्याबरोबर देव्हारे आणले, तांब्यापितळेची भांडी आणली आणि कोणी कोणी जुन्या ट्रंकांच्या तळाशी घालून गावच्या देवस्थानाची कागदपत्रेही आणली.

अशाच एका घरात उत्सवाची एक वही निघाली. पालखीचे मान कोणाकडे, नैवेद्याचा शिधा किती, दिवट्या धरणाऱ्यांस काय द्यावयाचे, हे सारे तीत मोडी लिपीत लिहिलेले आहे. वहीस कसर लागली आहे. पान उलटले की कडेचा भाग हातात येतो. आणखी दोनचार पावसाळे गेल्यावर तिची काय गत होईल हे सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून आम्ही पाचपंचवीस घरांनी वर्गणी काढून एक कॅमेरा घेण्याचे ठरविले, आणि तो पाहण्याकरिता प्रस्तुत लेखक एका तरुण कार्यकर्त्यास बरोबर घेऊन जवाहर चौकातील एका दुकानात गेला.

दुकानदाराने दोन कॅमेरे काढून ठेवले. दोन्ही कॅनन कंपनीचे, दोन्ही २०२३ साली बाजारात आलेले, दोन्ही नवशिक्यांसाठीच बनविलेले : एक आर-१००, दुसरा आर-५०. पहिला स्वस्त, दुसरा महाग.

तरुणाने सरळ प्रश्न केला, "काका, दोन्हींत चोवीस मेगापिक्सेल आहेत, मग किमतीत एवढे अंतर का?"

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा प्रश्न आपल्या समाजाने सव्वाशे वर्षांपूर्वीच स्वतःला विचारला आहे, आणि त्याची दोन निरनिराळी उत्तरेही आपल्याच माणसांनी देऊन ठेवली आहेत.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. हा नवा चमत्कार ज्यांनी डोळे भरून पाहिला, त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाचे एक छायाचित्रकार होते. लोक त्यांस सावेदादा म्हणत. इतर प्रेक्षक चमत्कार पाहून घरी गेले. सावेदादांनी मात्र लंडनहून रायली कंपनीचा चलच्चित्राचा कॅमेरा मागविला. किंमत पडली २१ गिनी. १८९९ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती त्यांनी या यंत्राने टिपली. केंब्रिज येथे सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरात स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचा सोहळाही सावेदादांनी चित्रबद्ध केला. आपल्या देशातील माणसाने आपल्या देशातील घटना टिपून ठेवण्याचा हा आरंभ होय.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. कुस्ती मुंबईस झाली, कॅमेरा मुंबईस होता, कॅमेरेवाला मुंबईचा होता. परंतु ती फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. चित्र घेणे येथे आणि ते उमटविणे साता समुद्रापलीकडे, अशी ती व्यवस्था होती. यंत्र आले होते, पण यंत्राभोवतीची विद्या अद्याप आली नव्हती. यात सावेदादांस यत्किंचितही उणेपणा नाही. पहिल्या वाटसरूस वाट स्वतःच पाडावी लागते.

यानंतर दहाबारा वर्षांनी दुसरा खरेदीदार लंडनला स्वतःच जाऊन पोहोचला. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांच्या घरातला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, हे सर्व त्यांनी करून पाहिले होते. १९११ साली गिरगावात ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट त्यांनी पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत, हा ध्यास त्यांस लागला. एखादा उतावळा माणूस असता तर त्याने दुसऱ्याच दिवशी यंत्राची मागणी टपालात टाकली असती. फाळक्यांनी तसे केले नाही. त्यांनी आधी चित्रपटांमागून चित्रपट पाहिले, या धंद्यावरची पुस्तके व सूचीपत्रे जमविली, लहान यंत्रावर घरी प्रयोग केले. मग विमापत्रे गहाण टाकून कर्ज काढले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले.

तेथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांची त्यांनी गाठ घेतली. कॅबोर्न यांनी प्रथम त्यांस या धंद्यातील धोकेच सांगितले. परंतु पाहुण्याचा निश्चय पाहून त्यांनी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी त्यांची ओळख करून दिली. वॉल्टन येथील हेपवर्थच्या चित्रशाळेत फाळक्यांनी काम कसे चालते हे पाहून घेतले. आणि मग ५० पौंड देऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला.

२१ गिनी म्हणजे २२ पौंड १ शिलिंग. तेव्हा फाळक्यांचा कॅमेरा सावेदादांच्या कॅमेऱ्याहून दुपटीपेक्षा महाग होता. परंतु या दोन खरेद्यांतील खरा भेद किमतीत नाही. फाळक्यांनी कॅमेऱ्याबरोबरच फिल्मच्या कडेस छिद्रे पाडण्याचे यंत्र घेतले आणि कोडॅककडे कोऱ्या फिल्मची मागणी नोंदविली. त्या काळी कोरी फिल्म छिद्रांवाचून येई. छिद्रे पाडल्यावाचून ती कॅमेऱ्यात चालत नसे. म्हणजे फाळक्यांनी एक यंत्र घेतले नाही. फिल्म घरी आल्यापासून चित्र पडद्यावर पडेपर्यंत जे जे लागते, त्याचा आधी हिशेब केला आणि मग पैशाची पिशवी सोडली.

१ एप्रिल १९१२ रोजी ते परत आले. पहिला प्रयोगही मोठा गमतीचा केला : कुंडीत वाटाण्याचा दाणा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्याच्या वाढीची चित्रे थोडी थोडी टिपली. महिन्याभराची वाढ क्षणार्धात डोळ्यांसमोर घडली, तेव्हा पैसा देणाऱ्याचाही विश्वास बसला. त्यानंतर ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला.

या कथेतील आणखी एक नाव आदराने घेतले पाहिजे, ते सरस्वतीबाई फाळके यांचे. पतीच्या साहसापायी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, आणि तेवढ्यावर न थांबता अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला छिद्रे पाडली, ती धुतली आणि कामावरच्या माणसांचा स्वयंपाकही केला. विल्यमसनच्या ५० पौंडांचा हिशेब पुस्तकात मिळतो. या हातांच्या कष्टांचा हिशेब कोणत्याही सूचीपत्रात छापलेला नसतो.

तिसरा दृष्टान्त कोल्हापूरचा आहे. बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. त्यांस स्वतःचा चित्रपट काढावयाचा होता. विलायती यंत्राच्या वाटेस डोळे लावून न बसता त्यांनी १९१८ साली आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतःच कॅमेरा तयार केला. १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढे आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. यंत्राचे पोट ज्यास उघडता येते, त्याचे काम यंत्र बिघडले म्हणून अडत नाही, हा कोल्हापूरचा धडा.

आता जवाहर चौकातील दुकानात परत येऊ.

या नव्या यंत्रांस 'मिररलेस', म्हणजे आरशाविना कॅमेरे, म्हणतात. मागच्या पिढीच्या कॅमेऱ्यांत भिंगातून आलेला प्रकाश तिरप्या आरशावर पडून वरच्या झरोक्याकडे वळे. कळ दाबली की आरसा खटकन वर उचलला जाई. २००८ साली पॅनासॉनिकच्या जी-१ पासून हा आरसा काढून टाकण्याची प्रथा सुरू झाली. प्रकाश थेट संवेदक पट्टीवर पडतो आणि तिच्यावरचे चित्र विजेच्या साहाय्याने झरोक्यात दिसते. गंमत अशी की, सावेदादांच्या काळच्या चलच्चित्र-कॅमेऱ्यांतही आरसा नसे. कालचक्र पुष्कळदा असे फिरून मूळ जागी येते.

आर-१०० आणि आर-५० या दोहोंची संवेदक पट्टी २४२ लक्ष बिंदूंची आहे. चित्राची लांबी ६,००० बिंदू भरते. आमच्या वहीचे पान बारा इंच लांब धरले तर दर इंचास ५०० बिंदू येतात, आणि मोडी अक्षराचे बारीक वळणही वाचता येते. हे काम दोन्ही यंत्रे सारखेच करतात. भिंगे दोहोंस तीच बसतात, बॅटरीही तीच. मग अंतर कोठे आहे? आर-५० चा मागील पडदा बाहेर काढून फिरविता येतो आणि बोटाच्या स्पर्शाने चालतो. आर-१०० चा पडदा जागीच घट्ट, स्पर्शाने न चालणारा. आर-१०० एका सेकंदात साडेसहा चित्रे घेतो, आर-५० बारा, आणि निव्वळ विजेच्या झडपेवर पंधरा. चालत्या माणसाच्या चेहऱ्यावर नजर धरून ठेवण्यात आर-५० निःसंशय सरस आहे, आणि चलच्चित्रासाठीही तोच उजवा. रात्री दिवट्यांच्या उजेडात पालखी नाचविणाऱ्यांची चित्रे घ्यावयाची असतील, तर जास्तीचे पैसे वाया जाणार नाहीत.

परंतु आमची वही नाचत नाही. ती मेजावर स्वस्थ पडून असते. कॅमेरा घोडीवर उलटा टांगून खाली पान ठेवावयाचे, तेव्हा फिरता पडदा सोयीचा झाला असता हे खरे. पण कॅमेऱ्यातील चित्र मोबाइलवर पाहून तेथूनच कळ दाबण्याची सोय दोहोंतही आहे. शिवाय देवळाच्या गाभाऱ्यातील मंद उजेडाचा विचार केला, तर पेटीपेक्षा भिंगच मोठे ठरते. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या भिंगाचे द्वार पुढच्या टोकाला ६.३ इतकेच उघडते. वेगळे घेतलेले ५० मिलिमीटरचे भिंग १.८ पर्यंत उघडते. हिशेब केला तर दुसऱ्यातून सुमारे बारापट प्रकाश आत येतो. दोन पेट्यांमधील कोणताही भेद एवढा मोठा नाही. अर्थात गाभाऱ्यात चित्र घ्यावे की नाही, हे भिंग ठरवीत नाही. ते अर्चकांच्या आणि मानकऱ्यांच्या अनुज्ञेवर आहे, आणि तसेच ते असावे.

राहिला प्रश्न जतनाचा. 'राजा हरिश्चंद्र' आज संपूर्ण स्वरूपात आपल्यापाशी नाही. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर आरंभीच्या मूकपटांपैकी फार मोठा भाग कायमचा गेला होता. ज्यांनी घर गहाण टाकण्याच्या तयारीने चित्रे काढली, त्यांची चित्रेसुद्धा ठेवण्याची जागा नव्हती म्हणून गेली. तेव्हा वहीची छायाचित्रे एकाच चकतीवर ठेवून आपण निश्चिंत झालो, तर कसरीच्या तोंडून काढलेली वही आपण दुसऱ्या कसरीच्या तोंडी दिली, असेच होईल.

हा सारा विचार करून आम्ही आर-१०० घेतला. वाचलेल्या पैशांत ५० मिलिमीटरचे भिंग, दोन दिवे, एक घोडी आणि साठवणीच्या दोन चकत्या आल्या. एक चकती येथे राहील, दुसरी मूळ देवस्थानाकडे जाईल. दुकानातून बाहेर पडताना तरुण किंचित हिरमुसला होता. त्याचे मन महागड्या यंत्रात गुंतले होते. रस्त्यात त्यास फाळक्यांच्या छिद्रे पाडण्याच्या यंत्राची हकीकत सांगितली. त्याने ती ऐकली आणि थोडे चालून गेल्यावर विचारले, "काका, वहीची पाने उलटावयास कोण बसणार?"

हाच प्रश्न आरंभी विचारावयास हवा होता. कॅमेऱ्याची तुलना दुकानात एका तासात होते; जीर्ण पान न फाटू देता उलटणारे हात घरोघर शोधावे लागतात. पहिल्या रविवारी दोन वृद्ध भगिनी आणि मोडी जाणणारे एक निवृत्त गृहस्थ येऊन बसले. त्या दिवशी अठरा पानांची चित्रे झाली. वही मोठी आहे, आणि पावसाळ्यास अजून अवकाश आहे.